इनचं दार, क्लबचं दार

मागच्या व्याख्यानात आपण आगगाडी आणि सुट्टी या विषयावर बोललो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका गृहस्थांनी उठून विचारलं, "ताई, मुलाकडे स्कॉटलंडला गेलो होतो. त्याने आम्हाला दोन रात्रींसाठी एका खेड्यातल्या इनमध्ये नेलं. नवरा स्वयंपाकघरात, बायको काउंटरवर, मुलगी वाढायला, मागच्या बाजूला गोल्फचं मैदान. जेवण इतकं उत्तम की आमच्या हिने दुसऱ्या दिवशी आत जाऊन विचारून घेतलं. दारावर लिहिलं होतं, प्रवाशांचं स्वागत इथे शेकडो वर्षे होत आलं आहे. हे खरं का हो?"

तेव्हा वेळ संपली होती, मी हसून सोडून दिलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या गृहस्थांना दिलेले लांबलचक उत्तर समजा.

उत्तर असं, की त्या मुक्कामात त्यांनी जे एकत्र अनुभवलं ते एका वयाचं नाही. इन जुने आहे, फार जुने. गोल्फ आणि इन यांची गाठ अठराव्या शतकातली. आणि चांगले जेवण? ते मात्र कालपरवाचे. माझ्या जन्माच्या आसपासचे म्हणा. आता राहिला ‘स्वागत’ हा शब्द. त्याच्यामागे एक कायदा आहे, एक खेळ आहे, काही बंद दारे आहेत आणि एक कोर्टात गेलेला क्रिकेटपटू आहे. तिकडेच मी तुम्हाला आज नेणार आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘इन’ला मराठीत काय म्हणायचं? धर्मशाळा म्हणता येत नाही, कारण तिथे पैसे पडत नाहीत आणि बहुधा चूलही आपली आपणच मांडायची असते. खाणावळ म्हणावी तर तिथे मुक्काम नाही. लॉज म्हणावं तर जेवायला बाहेर जावं लागतं. सराई हा शब्द जवळचा, पण सराई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं दगडी आवार आणि उंट-घोडे येतात. शिवाय लग्नसराई वेगळीच. (हशा) तेव्हा आपण इनच म्हणू. इन म्हणजे रस्त्याकडेचे असे घर, जिथे वाटसरूला पैसे देऊन अन्न, पेय, अंथरूण मिळते आणि त्याच्या घोड्याला दाणावैरण.

इंग्लंडच्या रूढ कायद्यात, ज्याला कॉमन लॉ म्हणतात त्यात, इनच्या मालकावर एक मोठे विलक्षण बंधन होते. जागा शिल्लक असेल, वाटसरू नीट वागत असेल आणि पैसे द्यायला तयार असेल, तर त्याला नाही म्हणता येत नाही. दुकानदार म्हणू शकतो, ‘तुम्हाला माल विकायचा नाही.’ इनच्या मालकाला ती मुभा नाही. कारण उघड आहे. अंधार पडलाय, रस्त्यावर लुटारू आहेत, पुढचं गाव दहा मैलांवर आहे. अशा वेळी दार बंद करणे म्हणजे माणसाला मरणाच्या दारात ढकलणे. बरे, नुसते आत घेऊन भागत नव्हते. पाहुण्याच्या सामानाची जबाबदारीही मालकावरच. १५८४ सालचा एक गाजलेला निकाल आहे. एका पाहुण्याचा घोडा चोरीला गेला. कोर्टाने म्हटले, पाहुण्याने स्वतःच घोडा बाहेर कुरणात सोडायला सांगितला होता, म्हणून या खेपेला मालक सुटला. पण इनच्या आवारातून घोडा गेला असता तर भरपाई त्यालाच द्यावी लागली असती. पुढे १८६३ साली पार्लमेंटने या जबाबदारीला तीस पौंडांची मर्यादा घातली. तेव्हासुद्धा घोडे आणि गाड्या त्या मर्यादेतून वगळल्या होत्या.

म्हणजे बघा, इनचे दार हे मालकाचे असूनही पूर्णपणे मालकाचे नव्हते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोल्फ. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची, उंचसखल अशी पट्टी असते. तिथे पीक येत नाही. तिला लिंक्स म्हणतात. ही जमीन बहुतेक ठिकाणी गावाची, सामाईक. तिथे मेंढ्या चरत, बायका धुणी वाळत घालत आणि लोक गोल्फ खेळत. मैदानाला कुंपण नव्हते आणि क्लबलाही इमारत नव्हती. मग खेळून झाल्यावर जायचं कुठे? जवळच्या इनमध्ये किंवा मद्यगृहात.

सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे पंढरपूर. तिथल्या बड्या मंडळींनी १७५४ साली आपली सोसायटी काढली. तिचा १७६६ मधला एक ठराव मला फार आवडतो. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी अकरा वाजता जमायचे, लिंक्सवर एक फेरी खेळायची आणि मग बेली ग्लास यांच्याकडे एकत्र जेवायचे. जेवणाचा प्रत्येकी एक शिलिंग. आणि गंमत पुढे आहे. हा शिलिंग हजर असणाऱ्याने द्यायचा तसाच गैरहजर असणाऱ्यानेही! आपल्या भिशीतल्या बायका असतात ना, ‘आली नाहीस तरी पैसे टाक,’ तसंच. (हशा) म्हणजे जगातल्या सर्वांत नामांकित गोल्फ क्लबच्या पायात एका खानावळवाल्याच्या जेवणाची हमी आहे. क्लबची स्वतःची दगडी इमारत उभी राहिली ती १८५४ मध्ये, सोसायटी निघाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी.

पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला तेच. तिथला क्लब १८५१ साली रेड लायन नावाच्या इनमध्ये स्थापन झाला. ज्या ओपन स्पर्धेचं नाव तुम्ही टीव्हीवर ऐकता, तिचा पहिला खेळ १८६० साली प्रेस्टविकलाच झाला. खेळाडू किती? आठ. बारा होलच्या मैदानाला एकाच दिवशी तीन फेऱ्या.

मधल्या काळात चेंडू बदलला होता. पूर्वी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू बनवत. चांगल्या कारागिराचेसुद्धा दिवसाला मोजकेच चेंडू होत, म्हणून ते महाग असत आणि पावसात भिजले की फाटत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायाच्या जंगलातल्या झाडाचा चीक. तो गरम पाण्यात मऊ करून हाताने वळायचा, गार झाला की घट्ट. चेंडू स्वस्त झाला, खेळ शाळामास्तर आणि दुकानदार यांच्या आवाक्यात आला. त्यात आगगाडी आली. किनाऱ्यावरच्या ज्या इनला घोडागाड्या बंद पडल्यामुळे अवकळा येऊ घातली होती, तिथे आता शनिवारी दुपारी शहरातून माणसे उतरू लागली. खांद्यावर काठ्यांची पिशवी, रात्रीचा मुक्काम, सकाळी पुन्हा खेळ.

अशा एका कुटुंबाची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे. त्यासाठी आपल्याला स्कॉटलंड सोडून इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर यायला हवे.

लिव्हरपूल शहरासमोर, मर्सी नदीच्या पलीकडे, विरल नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाला हॉयलेक. तिथे सर जॉन स्टॅन्ली या जमीनदाराने १७९२ साली समुद्रस्नानाला येणाऱ्या लोकांसाठी एक हॉटेल बांधले. पुढे त्याला रॉयल हॉटेल म्हणू लागले. शेजारच्या वाळवंटी माळावर सशांची बिळे आणि घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. १८६६ मध्ये हॉयलेकपर्यंत रेल्वे आली. १८६९ च्या मे महिन्यात काही मंडळी याच हॉटेलात बसली आणि त्यांनी गोल्फ क्लब काढला. दोन वर्षांनी त्याला ‘रॉयल’ उपाधी मिळाली. हा रॉयल लिव्हरपूल गोल्फ क्लब. शर्यतीच्या मैदानावरच होल खणले. काही काळ घोडे आणि गोल्फर दोघेही तिथे धावत होते. क्लबला स्वतःचे घर नव्हते. तो रॉयल हॉटेलातल्या खोल्यांमध्ये भरायचा, पुढची पंचवीसेक वर्षे.

या हॉटेलचे मालक जॉन बॉल. त्यांना एक मुलगा, त्याचेही नाव जॉन. क्लब निघाला तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा. आता कल्पना करा, तुमच्या वडिलांच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी देशातले एक उत्तम मैदान सुरू होतंय, रोज शहरातले मोठमोठे लोक येतायत, खेळतायत, आणि तुम्ही शाळा सुटली की एक काठी घेऊन सुटताय. वाण्याच्या पोराला जसा तराजू, तसा या पोराला गोल्फ. १८७८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो प्रेस्टविकला ओपन खेळायला गेला आणि पहिल्या पाच-सहांत आला. तिथे मिळालेले किरकोळ बक्षीस त्याने घेतले. पोरवय, कुणी दिले, घेतले.

हे किरकोळ पैसे पुढे त्याच्या गळ्याशी येणार होते. १८८५ साली हॉयलेकच्याच क्लबने हौशी खेळाडूंसाठी मोठी स्पर्धा काढली. मग प्रश्न आला, हौशी म्हणजे कोण? पैशासाठी जो खेळला तो हौशी नाही. डग्लस रोलंड नावाचा गवंडी होता, स्कॉटलंडचा, खेळाडू असा की बघत राहावं. आदल्याच वर्षी ओपनमध्ये त्याने बक्षीस घेतले होते, म्हणून त्याला दार बंद. आणि जॉन बॉल? त्यानेही घेतले होते की! पण ती गोष्ट जुनी, तो तेव्हा लहान, असे म्हणून त्याला आत घेतले. मी या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी बघते. बॉलला घेतलं ते योग्यच केलं. पण तो क्लबच्या यजमानाचा मुलगा होता आणि रोलंड दूरच्या गावचा गवंडी, हे मला विसरता येत नाही.

पुढे जॉन बॉलने काय केलं? १८९० साली ओपन जिंकली. ती जिंकणारा पहिला इंग्लिश माणूस आणि पहिला हौशी खेळाडू. त्याच वर्षी हौशी अजिंक्यपदही घेतले. एका वर्षात या दोन्ही स्पर्धा त्याच्याखेरीज फक्त बॉबी जोन्सने जिंकल्या, त्याही चाळीस वर्षांनी. बॉलने हौशी अजिंक्यपद एकूण आठ वेळा मिळवले, शेवटचे १९१२ मध्ये, पन्नाशीत. मधे बोअर युद्धावर गेला नसता तर आणखी एखादे मिळाले असते. आणि बापही काही कमी नव्हता. १८८७ च्या हौशी स्पर्धेत बाप-लेक दोघेही खेळत होते. होरेस हचिन्सन नावाच्या ऑक्सफर्डच्या गड्याला किताब मिळवण्यासाठी आधी हॉटेलमालकाला हरवावे लागले आणि मग अंतिम सामन्यात त्याच्या मुलाला. एकाच घरातल्या दोघांना. मला नेहमी वाटतं, त्या रात्री हॉटेलात या हचिन्सनसाहेबांना जेवण कसं वाढलं असेल! (हशा)

१८९५ साली क्लबने स्वतःची इमारत बांधली आणि हॉटेलातून मुक्काम हलवला. हॉयलेकलाच असे झाले असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून सगळे मोठे क्लब इनमधून बाहेर पडले. ही घटना दिसायला लहान आहे. भाड्याच्या जागेतून स्वतःच्या जागेत जाणे, यात विशेष ते काय? विशेष हे, की दार बदलले. इनच्या दाराला कायद्याची पाचर होती, ते पूर्ण बंद होत नसे. क्लबचे दार खासगी. कुणाला घ्यायचे, कुणाला नाही, ते सभासद ठरवणार, आणि कारण देण्याची गरज नाही. बायका नकोत, धंदेवाईक खेळाडूंनी मागच्या दाराने यावे, ज्यू अर्जदाराचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहावा, हे सगळे क्लबच्या दारात चालू शकत होते. सेंट अँड्र्यूजला बायकांनी १८६७ साली आपला स्वतंत्र पटिंग क्लब काढला. चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायचा, एवढाच खेळ. दंड खांद्याच्या वर उचलून फटका मारणे बाईमाणसाला शोभत नाही, असा तेव्हाचा समज. त्या उंचसखल हिरवळीला पुढे लोक ‘हिमालय’ म्हणू लागले. ती आजही आहे, चार पैसे दिले की कुणीही खेळू शकतं.

आपल्याकडे हिंदुस्थानात इंग्रज आले ते इन घेऊन आले नाहीत, क्लब घेऊन आले. मुंबईत भायखळा क्लब १८३३ चा, मुंबईतला गोल्फ क्लब १८४२ चा, म्हणजे हॉयलेकच्याही आधीचा. प्रवासासाठी सरकारी डाकबंगले होतेच. त्यामुळे खेळाचा जो अवतार आपल्याला दिसला तो बंद दाराचाच. पुण्याच्या जिमखान्यावर साहेबांना गोलंदाजी टाकणारे पळवणकर बाळू आणि त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाणारा चहा, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तो चहा तर आपलीच माणसं देत होती. क्लबचं दार आणि आपल्या घरचं दार, दोन्ही एकावर एक बसली होती. यावर स्वतंत्र बोलता येईल, आज नाही.

मग इनचे दार खरोखर उघडे होते का? कायद्यात होते. व्यवहारात काय, त्याची दोन उदाहरणे सांगते.

पहिले १८९८ चे. ऑक्टोबर महिना. सरे परगण्यातल्या ऑकम गावी हॉटबॉय नावाचे इन होते. तिथे लेडी हार्बर्टन नावाच्या पोक्त बाई सायकलवरून आल्या. सायकलसाठी त्यांनी झग्याऐवजी ढगळ तुमान घातली होती. मालकीणबाई मिसेस स्प्रेग यांनी त्यांना कॉफी रूममध्ये, म्हणजे सभ्य जेवणघरात, बसू देण्यास नकार दिला. दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत बसा म्हणाल्या. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला. पुढच्या वर्षी ज्यूरीने मालकीणबाईंना निर्दोष सोडले. कारण? त्यांनी जेवण नाकारले नव्हते, फक्त खोली वेगळी दिली होती. म्हणजे वाटसरूला आत घ्यावेच लागेल, पण कोणत्या पंगतीत बसवायचे ते आमच्या हाती. पंगत हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आपल्याला तो जास्त कळतो.

दुसरे उदाहरण १९४३ चे. लिअरी कॉन्स्टंटाइन हे वेस्ट इंडीजचे अष्टपैलू. लँकेशरच्या लीगमध्ये नेल्सन गावच्या संघातून ते नऊ हंगाम खेळले. त्यांच्या पाठोपाठ तिथे आपले लाला अमरनाथ गेले, म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही. युद्धाच्या काळात कॉन्स्टंटाइन लिव्हरपूलमध्ये, म्हणजे आपल्या हॉयलेकच्या समोरच्या तीरावर, सरकारी नोकरीत होते. वेस्ट इंडीजहून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची देखभाल हे त्यांचे काम. लॉर्ड्सवर सामना होता म्हणून जुलैच्या अखेरीस बायको-मुलीसह ते लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधल्या इंपीरियल हॉटेलात चार रात्रींचे आरक्षण आधीच केले होते. तिथे पोचल्यावर सांगण्यात आले, एकच रात्र राहा. गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. आणि हे सांगताना जी भाषा वापरली ती मी इथे उच्चारणार नाही.

त्यांना त्याच मालकांच्या दुसऱ्या हॉटेलात जागा दिली गेली. म्हणजे रस्त्यावर झोपायची वेळ आली नव्हती, पैशाचे नुकसान नव्हते. तरी ते कोर्टात गेले. तेव्हा वंशावरून कुणाला नाकारणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा नव्हता. तसा पहिला कायदा १९६५ चा. मग दावा कशावर करायचा? त्या जुन्या, घोड्यांच्या जमान्यातल्या नियमावर. हॉटेल हे कायद्याच्या नजरेत इन आहे, मी वाटसरू आहे, जागा शिल्लक होती, तुम्ही मला नाकारलेत. १९४४ च्या जूनमध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. नुकसान सिद्ध झाले नसले तरी हक्काचा भंग झाला आहे आणि हक्क आहे तिथे दाद मिळालीच पाहिजे, असा त्याचा आशय. भरपाई पाच गिनी. रक्कम नाममात्र, पण विचार करा, तेच कॉन्स्टंटाइन एखाद्या गोल्फ क्लबच्या दारातून परतले असते तर ही दादही मागता आली नसती.

पाणी घेते.

आता जेवणाकडे येऊ. इंग्लंडमधल्या इनचे जेवण म्हणजे चेष्टेचा विषय होता, आणि ती चेष्टा रास्त होती. उकडून गाळ केलेला कोबी, राखाडी मांस, डब्यातले सूप. याला अपवाद होते, त्यातले एक वल्ली म्हणजे जॉन फॉदरगिल. हे ऑस्कर वाइल्डच्या वर्तुळात वावरलेले, चित्रकलेत रमलेले गृहस्थ. १९२२ साली त्यांनी ऑक्सफर्डजवळच्या थेम गावातले स्प्रेडईगल हे इन घेतले आणि जिथे जे उत्तम मिळेल तिथून चीज, मोहरी, ऑलिव्ह मागवायला सुरुवात केली. मग हळूहळू गावठी गिऱ्हाईक नको, नुसतं शौचालय वापरायला येणारे नकोत, दिसायला ओबडधोबड मंडळी आली तर त्यांच्या बिलात थोडे पैसे वाढवा! (हशा) हो, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९३१ मध्ये त्यांची रोजनिशी छापली गेली आणि भरपूर खपली. मला वाचायला फार आवडते, पण त्यांच्याकडे मुक्कामाला जायची छाती झाली नसती. अन्न सुधारले आणि दार अरुंद झाले, असा तो प्रकार.

मग युद्ध आले. रेशन आले. १९४२ पासून हॉटेलात एका जेवणाला पाच शिलिंगांपेक्षा जास्त आकारायचे नाहीत, असा हुकूम निघाला. युद्ध जिंकल्यावर, १९४६ मध्ये, पावावरही रेशन बसले, जे युद्धातसुद्धा नव्हते. रेशन पूर्ण उठले १९५४ च्या जुलैत. चौदा वर्षे! त्या काळात मोठी झालेली मुले लोण्याची चव न कळता मोठी झाली. इनच्या मालकांनाही निमित्त मिळाले. वाईट वाढा आणि म्हणा, काय करणार, टंचाई आहे.

या निमित्ताला वैतागलेला एक माणूस होता, रेमंड पोस्टगेट. समाजवादी विचारांचा इतिहासकार, कामगारांचा इतिहास लिहिणारा. त्याने आधी मासिकातून थट्टेने अन्नावरील क्रूरता थांबवण्यासाठी संघ काढूया अशी हाक दिली आणि मग १९५१ मध्ये ‘गुड फूड गाइड’ काढले. कल्पना साधी. सामान्य गिऱ्हाइकांनी जेवावे, आपले पैसे द्यावे, फुकट काही घेऊ नये आणि नंतर प्रामाणिकपणे कळवावे. आज हे आपल्याला रोजचे झाले आहे, पण तेव्हा जेवणाबद्दल तक्रार करणे हे इंग्लिश माणसाला असभ्य वाटायचे. या पुस्तकाने आडगावातल्या कितीतरी लहान इनना गिऱ्हाईक मिळवून दिले. आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नवरा-बायकोच सगळे चालवत होते. कारण सरळ होते. मोठ्या रेल्वे कंपन्यांची हॉटेले होती, टर्नबेरी, ग्लेनईगल्स, स्वतःच्या गोल्फ मैदानांसह. त्यांच्याकडे नोकरांची फौज. खेड्यातल्या कुटुंबाकडे ती नव्हती. त्यांच्याकडे मागची बाग, शेजारची कोंबडी, समोरचा समुद्र आणि घरातल्या माणसांचे हात एवढेच.

दोन ठिकाणे सांगते. पहिले आपल्या सेंट अँड्र्यूजपासून सहा-सात मैलांवरचे, पीट इन. तिथे गावाला इनचे नाव पडले आहे, इनला गावाचे नाही. १९७२ साली डेव्हिड आणि पॅट्रिशिया विल्सन या जोडप्याने ते घेतले. फाइफचा मासा, तिथलेच हरणाचे मांस, तिथल्याच भाज्या. ऐंशीच्या दशकात त्याला मिशलिनचा तारा मिळाला. सकाळी सेंट अँड्र्यूजला गोल्फ आणि रात्री इथे जेवण, अशी वारी सुरू झाली. २००६ मध्ये ते दुसऱ्या जोडप्याकडे गेले, पुन्हा नवरा-बायको.

दुसरे ठिकाण समुद्रापलीकडे, आयर्लंडमध्ये, कॉर्क परगण्याच्या पूर्व भागात. बॅलीमलू. एका जुन्या किल्लेवजा वाड्यात मर्टल आणि आयव्हन ॲलन हे शेतकरी जोडपे राहायचे. सहा मुले. नवरा सफरचंदे, टोमॅटो, अळिंबी पिकवायचा. बाई घरी स्वयंपाक करायची आणि शेतकऱ्यांच्या वृत्तपत्रात पाककृती लिहायची. मुले मोठी होऊ लागली, वाडा मोठा, खर्च मोठा. १९६४ साली त्यांनी कॉर्कच्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, खेड्यातल्या घरी जेवायला या. बाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. हॉटेलचे शिक्षण नाही, आचारी नाही. त्या दिवशी शेतात जे निघेल आणि बॅलीकॉटनच्या धक्क्यावर जी मासळी येईल, त्यावरून रोज हाताने पदार्थांची यादी लिहायची. पुढे राहायच्या खोल्या झाल्या, शेतातच लहानसे गोल्फचे मैदान झाले. सत्तरच्या दशकात मिशलिनचा तारा मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आयरिश महिला. सुनेने, डरीना ॲलन यांनी, १९८३ मध्ये जवळच पाकशाळा काढली, तिथे जगभरातून मुले शिकायला येतात. मर्टलबाई २०१८ मध्ये गेल्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन.

ही गोष्ट ऐकताना आपण हुरळून जातो, ‘कुटुंबाने चालवलेले’ हे शब्द कानाला गोड लागतात. आपल्याकडे कोकणात घरगुती जेवणाची पाटी असते ना, तसेच. पण कुटुंबाने चालवलेले म्हणजे काय, तर पहाटे साडेपाचला उठणारी कुणीतरी एक बाई. रविवार नाही, दिवाळी नाही. दुपारी चादरी, संध्याकाळी भांडी, रात्री हिशेब, आणि शाळेतून आलेल्या मुलीच्या हातात पुस्तकाआधी ट्रे. मर्टल ॲलन यांचे नाव झाले, मिशलिनने, पुस्तकांनी ते जपले. पण दोनशे वर्षे ज्या इनमध्ये गोल्फर मंडळी शिलिंगाला जेवली, तिथे दारावर नाव नवऱ्याचे किंवा बापाचे असायचे. विधवा झाली तरच परवाना तिच्या नावावर. लेडी हार्बर्टनला कॉफी रूममधून घालवणाऱ्या त्या मिसेस स्प्रेग आठवतात ना? मला त्यांचा राग येतो. पण दिवसभर त्या गुत्त्यामागे उभ्या राहणाऱ्या बाईला, तुमान घालून सायकलवरून मजेत फिरणारी लेडी बघून काय वाटलं असेल, हेही मनात येतं. एकीच्या मोकळेपणाचा भार दुसरीच्या इभ्रतीवर पडणार, अशी तिला भीती वाटली असेल तर ती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

क्लबांची दारे कधी उघडली म्हणाल, तर अगदी अलीकडे. सेंट अँड्र्यूजच्या त्या सोसायटीने, जी आता रॉयल अँड एन्शंट क्लब म्हणून ओळखली जाते, बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव केला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये. म्यूरफील्डच्या क्लबने २०१६ मध्ये मतदान घेतले, ठराव पडला. तुमच्याकडे मग ओपन स्पर्धा होणार नाही असे सांगितल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा मतदान, आणि मंजूर.

तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. आहेत का ते आज? हां, मागे बसलेत. तुम्ही विचारलंत, शेकडो वर्षांचं स्वागत हे खरं का. दार उघडायचा नियम खरा. तो किती वेळा पाळला गेला आणि कुणाला कोणत्या खोलीत बसवलं गेलं, ते आपण पाहिलं. आणि वहिनींनी आत जाऊन जे विचारून घेतलं, ते मला व्याख्यानानंतर लिहून हवंय. (हशा)

जाता जाता हॉयलेकचं राहिलं. जॉन बॉलच्या वडिलांचे ते रॉयल हॉटेल आज नाही. पण तिथल्या मैदानावर प्रत्येक होलला नाव आहे. एकाचे नाव ‘कोर्स’, दुसऱ्याचे ‘स्टँड’, ही घोड्यांच्या शर्यतींची आठवण. आणि एकाचे नाव ‘रॉयल’, ते हॉटेलावरून. एरवी तो सतरावा होल. पण ओपन स्पर्धा असली की तिथे क्रम बदलतात आणि खेळ ‘रॉयल’पासूनच सुरू होतो. २००६ साली टायगर वुड्सने आपला पहिला फटका तिथूनच मारला.

आता प्रश्न घेऊ.